बाबाचं गालाचं ऑपरेशन झालं, आता शेक अन् केमो घ्यायचे का नाही? घरात एकमत नाही

पऱ्हाटीवाला

नमस्कार मंडळी, लिहायचं नव्हतं पण घरात कोणी कोणाचं ऐकून नाही राहिलं म्हणून लिहून राहिलो. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, घाटंजीकडचं खेडं. बाबा ५४ वर्षाचे. तीस वर्ष खर्रा (सुपारी-तंबाखू घोटलेली), दिवसाले सात-आठ पुड्या, लहानपणी मीच पानठेल्यावरून आणून द्यायचो. उजव्या गालात आतून छाला झाला, चार महिने बोरोग्लिसरीन लावत बसले, मग तोंडात दोन बोटं जाईना तेव्हा नागपूरले नेलं. बायोप्सीत कॅन्सर निघाला. ऑपरेशन योजनेतून झालं, गाल काढला, खालच्या जबड्याचं एका बाजूचं हाड काढलं, मानेतल्या गाठी काढल्या आन छातीचं मास वर आणून गालाले लावलं. आज २६ दिवस झाले. नाकातली नळी निघाली, पातळ खाऊन राहिले, बोललेलं निम्मं समजते.

आता भानगड अशी का सर्जन म्हणते ३० शेक (रेडिएशन) घ्या आन त्याच्यासंगं दर हप्त्याले एक केमो. आमच्या ओळखीचे एक डॉक्टर हायेत तालुक्याले, त्याइले व्हॉट्सअपवर रिपोर्ट पाठवला तं ते म्हणे फक्त शेक घ्या, केमो ह्या तब्येतीले झेपणार नाही. बाबा म्हणते दोन्ही नाही घेत, गाठ तं काढली न, आता कायले जाळून घ्यायचं. वावरात पऱ्हाटी (कपाशी) फुटून राहिली, वेचाईले बाया भेटत नाही, त्याइचं म्हणणं सीतादही (वेचाईची पूजा) होऊ द्या, दिवाळी होऊ द्या, दोन वेचे घरात येऊ द्या, मग जातो. काका एका वैद्याचा पत्ता घेऊन बसले हायेत. आन आई फक्त रडते, कारण रिपोर्टवर स्टेज चार बी लिहिलं हाय आन ते शेजारच्या पोट्ट्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं.

कोणाच्या घरी असं झालं असन तं सांगा. खरंच एवढी घाई हाय का? दोन महिन्यानं शेक घेतले तं चालत नाही का?

जय_विदर्भ

भाऊ केमोच्या नादी लागू नका. आमच्या गावातला एक जण चांगला चालत गेला आन केमो घेऊन खाटेवर आला. लोखंड लागलं, हवा लागली का हा रोग पसरतेच. मध्य प्रदेशात एक बाबा देते झाडपाला, फुकटात देते, पत्ता पाहिजे तं मेसेज करा.

मामाचा_भाचा

जय_विदर्भ, हवा लागून पसरत नाही. माझ्या मामाले असंच कोणीतरी सांगतलं होतं म्हणून लिहून राहिलो. जीभेचं ऑपरेशन झालं, शेक घ्या म्हणे, मामानं सोयाबीन काढून जातो म्हणून टाळलं, मग चणा पेरून जातो म्हणून टाळलं, झाडपाला चालूच होता. पाचव्या महिन्यात मानेत त्याच बाजूनं गाठ आली, लिंबाएवढी, पंधरा दिवसात चिकूएवढी. परत घेऊन गेलो तं म्हणे आता रक्ताच्या मोठ्या नळीले चिकटली, काढता येत नाही. पुढचं नाही लिहीत. मी तेव्हा मामाच्या बाजूनं बोललो होतो, म्हटलं होतं त्याइच्या मनाविरुद्ध कायले नेता. एवढंच सांगायचं होतं.

रेडिओ_रेसिडेंट

पऱ्हाटीवाला, मी रेडिओथेरपीतच शिकतो आहे, विदर्भातच. स्टेज बाजूला ठेवा. ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमधल्या ओळी इथे टाइप करा, गाठ किती सेंटीमीटर, डेप्थ (खोली) किती मिलीमीटर, मार्जिन (कापलेल्या कडेपासून कॅन्सरचं अंतर) किती, पीएनआय आणि एलव्हीआय (नसेत किंवा रक्ताच्या-लसिकेच्या नळ्यांत कॅन्सर शिरलाय का) काय लिहिलंय, मानेतल्या किती गाठींपैकी किती पॉझिटिव्ह, आणि ईएनई (मानेतल्या गाठीचं कवच फुटलंय का). नाव, केस नंबर, हॉस्पिटल काही टाकू नका. ऑपरेशननंतर काय घ्यायचं हे त्या कागदावर ठरतं, पेशंट कसा दिसतो किंवा काका काय म्हणतात यावर नाही.

सौ_दर्यापूरकर

आमच्या ह्यांचंही तोंडाचंच, जीभेच्या कडेला होतं. पण आम्हाला शेक सांगितलेच नाहीत. मीच डॉक्टरांच्या मागे लागले होते की द्या ना जास्तीचे, पुन्हा यायला नको, तर ते म्हणाले बाई, गाठ सव्वा सेंटीमीटर, खोली ३ मिलीमीटर, मार्जिन मोकळे, मानेतली एकही गाठ पॉझिटिव्ह नाही, कशाला लाळ घालवता त्यांची. चार वर्षं झाली, फक्त तपासणीला जातो. म्हणजे सगळ्यांना लागतातच असं नाही हो, म्हणून आधी रिपोर्ट टाका.

पऱ्हाटीवाला

रिपोर्ट इंग्रजीत हाय, वाचून वाचून लिहून राहिलो, चूक असन तं सांभाळून घ्या. गाठ ३.४ सेमी. डेप्थ ऑफ इन्व्हेजन १२ मिमी. मार्जिन सगळे फ्री, सगळ्यात जवळचा ६ मिमी. पीएनआय प्रेझेंट. एलव्हीआय नॉट सीन. हाड फ्री. गाठी ३१ काढल्या त्यातल्या २ पॉझिटिव्ह, दोन्ही उजव्या बाजूच्या, मोठी २ सेमीची. वरच्या चौकटीत पीटी३ पीएन३बी. ईएनई कुठंच नाही दिसत.

रेडिओ_रेसिडेंट

असणारच. एन म्हणजे मानेतल्या गाठींची पायरी. एका बाजूच्या दोन लहान गाठी असत्या आणि दुसरं काही नसतं तर एन२बी लिहिलं असतं. पॅथॉलॉजीवाला उगाच एन३बी लिहीत नाही. दुसरं पान आहे का बघा.

पऱ्हाटीवाला

हाय साहेब. स्टेपलरच्या खाली चिकटलेलं होतं. एक्स्ट्रानोडल एक्स्टेन्शन प्रेझेंट, ३ मिमी, लेव्हल १बी. आन मले आता आठवून राहिलं का तालुक्याच्या डॉक्टरले मी पहिल्याच पानाचा फोटो पाठवला होता, तोही वरून कापलेला.

रेडिओ_रेसिडेंट

मग दोन डॉक्टरांची मतं वेगळी का आली ते इथेच समजलं. तालुक्याच्या डॉक्टरांचा दोष नाही, त्यांना अर्धाच कागद दिसला.

समजावून सांगतो. मानेतल्या गाठीला एक कवच असतं, तुरीच्या दाण्याला असतं तसं. कॅन्सर त्या गाठीत शिरला ही एक गोष्ट, आणि कवच फोडून बाहेरच्या चरबीत आला ही दुसरी, जास्त गंभीर. त्यालाच ईएनई म्हणतात. सर्जनने दिसणारं सगळं काढलं, मार्जिन ६ मिमी म्हणजे काम चांगलं झालंय, पण कवच फुटलं असेल तर डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी मानेत राहिल्याची शक्यता बरीच असते. तुमच्याकडे शेक तर डेप्थ, पीएनआय आणि दोन गाठी एवढ्यावरच लागतात, त्यात वादच नाही. केमो जोडायची ती ईएनईसाठी. २००४ मध्ये युरोपात आणि अमेरिकेत दोन मोठे अभ्यास एकाच वेळी छापून आले, ऑपरेशननंतर नुसते शेक विरुद्ध शेक आणि सिस्प्लॅटिन (केमोचं औषध), आणि पुढे दोन्हींचे आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा दिसलं की फायदा मुख्यतः दोन प्रकारच्या पेशंटला होतो, ज्यांच्या मार्जिनमध्ये कॅन्सर राहिला आणि ज्यांना ईएनई आहे. तुमचे बाबा दुसऱ्यात बसतात. म्हणून तुमचे सर्जन म्हणाले ते पुस्तकाला धरूनच आहे.

ही केमो केस-बिस घालवणारी मोठी केमो नसते, शेकाचा जोर वाढवण्यापुरती असते. झेपेल का हे चेहरा बघून नाही ठरत. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, कानाची तपासणी, वजन, हे पाहून ठरतं, कारण सिस्प्लॅटिन किडनी आणि कानावर जातं. कुठे हप्त्याला कमी डोस देतात, कुठे तीन आठवड्याला मोठा, ते त्या त्या डॉक्टरवर सोडा. आणि खरंच किडनी साथ देत नसेल तर टाटा मेमोरियलचा २०२३ मध्ये आलेला अभ्यास आहे, सिस्प्लॅटिन चालत नाही अशांना डोसिटॅक्सेल हे दुसरं औषध देऊन शेक, त्याचाही फायदा दिसला. म्हणजे झेपणार नाही एवढं म्हणून विषय संपत नाही.

आता घाईबद्दल. ऑपरेशनपासून सहा आठवड्यांत शेक सुरू व्हायला हवेत. ४२ दिवस. तुमचे २६ गेले, राहिले १६. त्यातही पहिला शेक जाऊन त्याच दिवशी मिळत नाही, आधी दातांची तपासणी, खराब दात काढायचे असतील तर ती जखम भरायला दहा-पंधरा दिवस, मग (शेकाच्या वेळी डोकं हलू नये म्हणून) चेहऱ्याचा मास्क, मग सीटी, मग प्लॅनिंग. म्हणजे तुम्ही उद्या निघालात तरी गाठोडं आवळून निघावं लागेल. दोन महिन्यांनी घेतले तर चालतं का, याचं उत्तर नाही असं आहे. (मी तुमचा पेशंट पाहिलेला नाही, शेवटचा शब्द समोर बसलेल्या डॉक्टरचा.)

पऱ्हाटीवाला

आन स्टेज चार बी? आईले काय सांगू?

रेडिओ_रेसिडेंट

सांगा की फुफ्फुसात, लिव्हरमध्ये गेलं तर त्याला चार सी म्हणतात. चार बी हे मानेतल्या त्या फुटलेल्या गाठीमुळे आलंय. अवघड आहे, हलकं घेऊ नका, पण बरं करायच्या हिशेबानेच उपचार देतात. शेवटची स्टेज असं शेजारच्या पोराने सांगितलं असेल तर त्याला पुढच्या वेळी पाणी भरायला पाठवा.

खर्रा_सोडला_२०१९

मी घेतलेले हाय ३० शेक आन ६ केमो, आर्वीकडचा हाओ, २०१९ ले. डॉक्टर साहेबांनी कागदाचं सांगतलं, मी आंगावरचं सांगतो.

पहिले दोन हप्ते काहीच नाही होत. बाबाले वाटन हे तं फुकटचं होतं, लोकं उगाच भेव घालते. तिसऱ्या हप्त्यापासून तोंड आतून सोलून निघते, वरण गिळलं तरी मिरचीचा ठेचा गिळल्यावाणी लागते. चव जाते, साखर खाल्ली का माती खाल्ली समजत नाही. लाळ सुकते, रात्री जीभ टाळूले चिकटून जाग येते. मानेची कातडी काळी पडते, मग सोलते. चौथ्या-पाचव्या हप्त्यात बहुतेक जण म्हणते बस झालं, घरी चला. मीही म्हटलं होतं, बायकोनं ऐकलं नाही. मधात सोडू नका, सुट्टीही पाडू नका, आमच्याकडे मशीन दोन दिवस बंद पडली तं शनिवारी बोलावून भरून काढले होते.

खायचं पहिल्या दिवसापासून वाढवून ठेवा. दूध, अंडं, मिक्सरमधून काढलेली खिचडी, ज्वारीची आंबील (आंबट नको, गोडी करा), केळं कुस्करून. वजन उतरलं का मास्क ढिला होते आन परत सगळं मोजावं लागते. नाकात नळी टाका म्हटलं तं नाही म्हणू नका, नळी म्हणजे मरण नव्हे, मी २२ दिवस नळीवर होतो आन नळीतून अंडं-दूध घेऊन दोन किलो वाढलो होतो. मीठ आन खायचा सोडा कोमट पाण्यात, दिवसातून आठ-दहा वेळा गुळण्या. मानेवर हळद, तेल, बाम काही लावू नका, वस्तरा नाही, खांद्यावर मऊ सुती दुपट्टा ठेवा.

आन तोंड उघडायचा व्यायाम. हा कोणी करत नाही. आईसक्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातात धरायच्या, दर चार दिवसाले एक काडी वाढवायची. शेकानं जबडा आवळते, तुमच्या बाबाच्या तोंडात तं आधीच दोन बोटं जात नव्हती. खांद्याचाही व्यायाम, मानेचं ऑपरेशन झाल्यावर हात वर जात नाही, मले अजून शर्ट काढताना समजते.

आता खर्रा. गुटखा २०१२ पासून बंद हाय म्हणते, आमच्याकडे ठेल्यावर पन्नीत घोटून घोटून खर्रा धडाक्यात चालू हाय, कोणी पाहत नाही. बाबा म्हणतीन तंबाखू सोडली, नुसती सुपारी खातो. तेही नाही. एकट्या सुपारीनंही कॅन्सर होते, आन तोंड आवळते ते तिच्यानंच.

आशाताई

पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. दादा, ऑपरेशनचं पॅकेज वेगळं आणि शेकाचं वेगळं असतं, एकदा योजना वापरली म्हणजे संपली असं नाही. महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत आहे, ऑपरेशनमध्ये किती गेले ते आरोग्यमित्राला विचारून घ्या, हॉस्पिटलच्या दाराशीच त्यांचं टेबल असतं. रेशन कार्ड, आधार ओरिजिनल न्या, नावात फरक असेल तर आजच्या आज दुरुस्तीचं बघा, माझ्या गावातल्या एका पेशंटचे आठ दिवस फक्त ह्याच्यात गेले, आधारवर वडिलांचं नाव होतं आणि रेशन कार्डावर नव्हतं. मंजुरी यायला दोन-चार दिवस धरा.

आणि जिथे ऑपरेशन झालं तिथेच शेक घ्यायला पाहिजेत असं काही नाही. सेवाग्रामला होतात, सावंगीला होतात, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी आणि जामठ्याचं एनसीआय ही कॅन्सरची हॉस्पिटलं आहेत. तुम्हाला यवतमाळवरून वर्धा जवळ पडेल. रोज येणं-जाणं करू नका, सहा आठवडे पेशंटची एसटीत हाडं मोडतात, राहायची सोय आधी विचारा, सोशल वर्कर असतात तिथे. एसटी आणि रेल्वेत कॅन्सर पेशंटला सवलत असते, त्याचा दाखला हॉस्पिटलमधूनच मिळतो. जाताना ऑपरेशनचा कागद, पॅथॉलॉजीची (दोन्ही पानं!), आणि ऑपरेशनच्या आधीचा सीटी, सीडीसकट. तो आधीचा सीटी लोक घरीच ठेवतात आणि तिथे गेल्यावर तोच मागतात.

जय_विदर्भ

मी तं ऐकलेलं सांगतलं. कोणाले वाईट वाटलं असन तं माफ करा.

पऱ्हाटीवाला

सगळ्याइचे लय उपकार. काल रात्री बसलो घरात. मी काही डॉक्टरकीचं नाही बोललो, मामाचा_भाचानं लिहिलं ते जसंच्या तसं वाचून दाखवलं, नाव गाव काही सांगतलं नाही. बाबा बराच वेळ चूप होते. मग पाटीवर लिहून दाखवलं (बोलायचं असलं का पोरीची पाटी घेते), "किती दिवस". म्हटलं सहा हप्ते. मग लिहिलं, "वेचाई". म्हटलं मी करतो, नाही झाली तं झाडावर राहू द्या. त्याच्यावर काही लिहिलं नाही. काका उठून गेले, त्याइचा राग हाय, राहू द्या.

आज तालुक्याच्या डॉक्टरले दोन्ही पानं दाखवली, ते स्वतःच म्हणाले का मग सर्जनचंच ऐका, आन रक्त तपासून दिलं. क्रिएटिनिन ०.९ आलं. उद्या पहाटेच्या गाडीनं निघून राहिलो, वर्ध्याकडंच.

एक विचारायचं राहिलं, हसू नका. छातीचं जे मास गालात लावलं त्याच्यावर केस उगवून राहिले. तोंडाच्या आत. बाबाले लय किळस येते, जेवताना थूकत राहते. हे काही बिघडलं तं नाही न?

रेडिओ_रेसिडेंट

नाही, छातीची कातडी आहे, ती केस उगवणारच, तिला काय माहीत आपण कुठे आलो. शेक सुरू झाले की त्या जागेचे बहुतेक गळून जातात. तोपर्यंत घरी ओढू-कापू नका. आणि दात दाखवाल तेव्हा विचारा कोणते काढायचे, जे काढायचे ते आत्ताच. शेक झाल्यावर पुढे कधीही गावातल्या दाताच्या डॉक्टरकडे जाऊन दात उपटायचा नाही, आधी शेक झालेत हे सांगायचं, नाहीतर जबड्याचं हाड सडायची भीती असते.

खर्रा_सोडला_२०१९

माझेही केस गळले होते, चौथ्या हप्त्यात. सुरुवातीले बायको म्हणे आतून दाढी करावी लागते का काय.

शेक झाले म्हणजे सुटलो असं नाही, पहिली दोन वर्ष परत यायचं भेव जास्त असते, मी दर दोन महिन्यानं जायचो, पऱ्हाटी असो का पेरणी. आता वर्षातून एकदा. थायरॉईडची गोळी मागं लागली, मानेवर शेक घेतले का ते होते, टीएसएच (थायरॉईडचं रक्त) तपासत राहा. चव सात-आठ महिन्यानं आली, पहिल्यांदा समजली ती पिठल्याची.

पऱ्हाटीवाला

पाच दिवस झाले, कळवतो म्हटलं. ट्यूमर बोर्डात (सगळे कॅन्सरचे डॉक्टर मिळून ठरवते तिथं) फाईल ठेवली होती, शेक आन केमो दोन्हीच ठरलं. तीन दात काढले. म्हणे त्या जागा भरेपर्यंत प्लॅनिंग करून घेऊ. मास्क करताना बाबा घाबरले होते, गरम जाळी चेहऱ्यावर दाबते न, पण दहा मिनिटात झालं. ऑपरेशनपासून ४१ व्या दिवशी पहिला शेक ठरला. राहायले हॉस्पिटलजवळ खोली पाहिली, आई संगं राहीन.

आन काल बाबाच्या बंडीच्या खिशात अर्धी पुडी सापडली. खाल्ली नाही म्हणते, ठेवून होतो म्हणते. मी काही बोललो नाही, आईनं चुलीत टाकली.

मी गावी आलो रात्री. बारा एकर फुटून पडलं हाय आन एक बाई यायले तयार नाही. घाटंजी, पांढरकवड्याकडं कोणाच्या ओळखीत वेचाईची टोळी असन तं सांगजा, किलोमागं जे काय चालू असन ते देतो.

मामाचा_भाचा

माझ्या सासुरवाडीची एक टोळी हाय पांढरकवड्याची, सोमवारी मोकळी होते. नंबर मेसेज केला.